पंपावरचं कुंकू

अण्णा, परवा तुझं बारावं झालं. बेळगोळच्या तुझ्या कारखान्यातले जुने लोक जेवायला आले होते, आणि हात धुवून झाल्यावर प्रत्येकजण एकदा वर जाऊन मासे बघून आला. तुझ्या फोटोला नमस्कार अर्धा मिनिट आणि टाकीपुढे दहा मिनिटं. एकानं मला विचारलं, "हेच का ते माणसं खाणारे?" तू द्यायचास तेच उत्तर मी दिलं, "छे, हे कोळंबी खातात. माणसं खायला घरात नातेवाईक आहेत." तो पोट धरून हसला. तुझ्या तोंडी हे वाक्य शोभायचं. माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा मला खाली बघावं लागलं.

मग सगळे म्हणाले, धाकट्या भावानं दोन शब्द बोलावेत. मी उठलो, घसा खाकरला आणि परत बसलो. लोकांना वाटलं दुःख अनावर झालं. दुःख होतंच रे, पण तोंड बंद झालं ते त्यानं नाही. तुझ्याबद्दल काहीही चांगलं बोलायला गेलो की ती तीन वर्षांपूर्वीची आयुधपूजा, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची, आडवी येते. तुला समोर बसवून जे सांगायला हवं होतं ते आता कागदाला सांगतोय, तेही हिंदीच्या तासाला शिकलेल्या या अक्षरांत. तू मराठी कानडी लिपीत लिहायचास आणि मला "पंडित" म्हणून चिडवायचास. पंडिताची करणी ऐक.

तू रिटायर झालास आणि दोन महिन्यांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून आठ मासे घेऊन आलास, रुपयाएवढे. म्हणालास, पिरान्हा आहेत. मी म्हटलं, दुकानदारानं तुला टोपी घातली, हे रूपचंद आहेत, बाजारात कापून मिळतात. यावर आपण किती दिवस भांडलो. पुढं एकानं तुझ्या अंगठ्याचा लचका काढला तेव्हा रक्तानं भरलेलं बोट नाचवत तू जिना उतरलास आणि म्हणालास, "बघ, रूपचंद चावतो का असा?" अंगठ्याला टाके पडले आणि वाद तू जिंकलास. त्यानंतर पलंगाएवढी टाकी आली. मी विचारलं, वरच्या मजल्यावर एवढं पाणी, मी खाली झोपतो त्याचं काय? तू म्हणालास, "बुडालास तर तुला मासे ओळखतील, भिऊ नको."

पाळणं सगळ्यांनाच जमतं, तुला त्यांची वीण हवी होती. म्हैसुरात घरच्या टाकीत पिरान्ह्याची पिल्लं कोणी काढली नाहीत, असं तुझं म्हणणं. खरं-खोटं कोण तपासणार? चार वर्षं तू त्या माशांच्या मागं होतास. नदीला नवं पाणी आलं की ते अंडी घालतात, असं कुठंतरी वाचलंस आणि पाइपला सुईनं भोकं पाडून टाकीवर पाऊस पाडायला लागलास. रोज संध्याकाळी तासभर वरच्या खोलीत पाऊस. वैनी कपडे वाळत घालायला त्या खोलीतून जाताना मुद्दाम छत्री उघडून जायच्या, तुला चिडवायला. पण कोळंबी निवडून, डोकी काढून, सारखे तुकडे करून देणार त्याच. मी एकटा जीव, माझं जेवणही त्यांच्याच स्वयंपाकघरातलं. त्यामुळे आधी मासे, मग तू, मग मी, असा पंक्तीचा क्रम होता आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

त्या वर्षी दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी तू जिन्यावरून ओरडलास, "तम्मा, काळे पडले! दोन काळे पडले!" मला वाटलं मेले. वर येऊन बघतो तर दोन मासे कोळशासारखे काळे, तळाच्या वाळूत खड्डा करून बसलेले, आणि बाकीचे सहा जीव मुठीत धरून कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात केशरी अंडी. तू तोंडानं पाइप ओढून ती अंडी दुसऱ्या छोट्या टाकीत घेतलीस, तिथं हवेचा पंप लावलास, आणि आम्हाला त्या खोलीत बोलायला बंदी केलीस. "बाळंतिणीची खोली आहे," म्हणायचास.

पिल्लं निघाली. अडीचशे-तीनशे तरी असतील. आधी नुसते शेपूट लावलेले ठिपके, मग पोहायला लागले, मग लगेच एकमेकांना खायला लागले. तू दर दोन तासांनी चहाच्या गाळणीनं मोठी एकीकडं, लहान एकीकडं करायचास. उलट्या बाटलीत मिठाचं पाणी घालून त्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे वाढवायचास, त्यांना भरवायला. पोरंबाळं नव्हती तुम्हाला. त्यावर तू कधी बोलला नाहीस आणि मी आज बोलत नाही. पण ती गाळणी हातात धरून तू वाकायचास तेव्हाचा तुझा चेहरा मी बघितलाय. मी तो बघितला होता, हेच सांगतोय. पुढं जे केलं ते अजाणतेपणी केलं म्हणायला मला जागा नाही.

आयुधपूजेचं घरात मीच बघायचो. आजोबांच्या आजोबांची ती तलवार, जुन्या पलटणीतली, वर्षातून एकदा बाहेर निघते. तिला लिंबू, कुंकू, झेंडू. मग घरातली सगळी हत्यारं: वैनींचं शिलाईचं मशीन, मिक्सर, तुझी पान्ह्यांची पेटी, स्कूटर. पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत कशाला हात लावायचा नाही. हत्यारालाही एक दिवस विसावा, असं बाबा सांगायचे आणि मी ते पाळायचो. लग्न नाही, मूल नाही, देवळात मान नाही. घरात मला एवढंच एक काम होतं आणि त्यात मी फार कडक होतो.

आदल्या दिवशी आपली जुंपली. तू म्हणालास, "तम्मा, उद्या मी कारखान्यात. तिथं कोहळा मी फोडायचा, रिटायर झालो तरी दरवर्षीचा मान आहे. तू घरची पूजा कर, पण त्या पंपाला हात लावू नको. कुंकू पाहिजे तर टेबलाला लाव."

मी म्हटलं, "मशीन ते मशीन. सगळ्यांना एक नियम."

"माशाला दसरा कळतो काय रे? हॉस्पिटलात आयुधपूजेला मशीन बंद करतात काय?"

"आपलं घर हॉस्पिटल नाही."

"पंडित आहेस नुसता," म्हणालास आणि हसलास. वैनीही हसल्या. मला ते हसणं लागलं, अण्णा. एवढ्याशा गोष्टीनं. आता लिहिताना लाज वाटते, पण लागलं.

सकाळी तू बेळगोळला गेलास. वैनींनी न्हाऊन धुपाटण्यात निखारे घेतले, सांब्राणी टाकली आणि घरभर धूर फिरवला, तुमच्या देवाऱ्यापासून माशांच्या खोलीपर्यंत, मग जिना उतरून माझ्या दारात. दर मंगळवारी, शुक्रवारी त्या तसं करायच्याच. त्यांच्या माहेरी घरोघरी अगरबत्त्या वळायचे. लहानपणी त्यांची बोटं त्या काळ्या पिठानं कायम रंगलेली असायची, असं त्या सांगायच्या. वास नाही तर पूजा नाही, हा त्यांचा नियम. घरात नियमवाले आम्ही दोघंच.

त्यांच्या मागून मी कुंकवाची वाटी घेऊन निघालो. सगळं झाल्यावर पंपापाशी आलो. टेबलाला कुंकू लावून निघता आलं असतं. मी बटण बंद केलं. पंप पुसला, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. बुडबुडे थांबले आणि खोली एकदम शांत झाली. मनात म्हटलं, नैवेद्य होईपर्यंत विसावा देऊ, मग लावू. म्हणजे नियमही राहील आणि तुला कळणारही नाही. तुझ्यावर एवढासा विजय मला हवा होता.

नैवेद्य झाला. वैनींनी होळीगे, म्हणजे पुरणपोळ्या, केल्या होत्या, मी पाच खाल्ल्या. त्या बहिणीकडं दसऱ्याला मांडलेल्या बाहुल्या बघायला गेल्या. मी खाली येऊन आडवा झालो आणि झोपलो. यात कुठं दैव नाही, नशीब नाही. पाच होळीगे खाऊन मी झोपलो.

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते. जिना चढताना आठवलं. पिल्लं पाण्याच्या वर आली होती, पांढरी, सगळी एका बाजूला. एखाद-दुसरं हलत होतं. माझा हात आपोआप बटणाकडं गेला. पंप सुरू झाला आणि बुडबुड्यांनी ती सगळी मेलेली पिल्लं गोल गोल फिरायला लागली. मग मी काय केलं सांगू? पंच्याच्या टोकानं पंपावरचं कुंकू पुसलं. थुंकी लावून पुसलं, कारण नुसतं निघेना. फूल खिशात घातलं. खाली येऊन चहा ठेवला.

विसरलो ती चूक होती. माणूस विसरतो. कुंकू पुसताना मात्र मी पूर्ण जागा होतो.

सहाच्या सुमाराला तू चुरमुऱ्यांची पुडी घेऊन आलास, कपाळभर कुंकू, खूश. वर गेलास. मग हाक आली, "तम्मा." मी वर आलो. तू टाकीत हात घालून उभा होतास.

"पंप बंद पडला होता काय रे?"

"चालूच आहे की," मी म्हटलं.

तू नाक वर केलंस. "कसला वास येतोय?"

आणि मी म्हटलं, "वैनी सकाळी सांब्राणी घेऊन फिरल्या होत्या."

एवढंच. दोन्ही वाक्यं खरी. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणून त्या खोलीत डासांची कॉइलसुद्धा लावायची नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. मला पुढं काही बोलावं लागलं नाही. बाकीचं तू जोडलंस.

वैनी परतल्या, ओटीतला खण-नारळ तसाच हातात. तू त्यांना रागावला नाहीस. "होगली बिडु," म्हणालास, जाऊ दे. "धुरानं गेली असतील. तुला काय ठाऊक." त्या टाकीपाशी गेल्या, बघितलं, आणि नारळ तिथंच टेबलावर ठेवला. त्या रडल्या असत्या तर कदाचित मी बोललो असतो. त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला त्यांनी देवारा उचलून स्वयंपाकघरात नेला आणि धुपाटणं माळ्यावर टाकलं. त्यानंतर घरात सांब्राणी झाली नाही. माझ्या दारातही आली नाही. मी कधी विचारलं नाही, का.

पुढच्या उन्हाळ्यात मादी मेली. तू पाऊस पाडत राहिलास, पण मासे परत काळे पडले नाहीत. तुला ते एकदाच मिळालं होतं.

तीन वर्षं, अण्णा. तीन वर्षं मी वैनींच्या हातचं दोन वेळ जेवलो. त्यांनी वाढलेलं ताट पुढं आलं की कधी कधी वाटायचं, आज सांगू. मग आमटीला फोडणी चांगली बसलीय म्हणायचो. तुझ्याशी बोलायलाही संधी कमी नव्हती. हॉस्पिटलात तर मी आणि तू दोघंच होतो. तुझ्या उशाशी भिंतीवरच्या बाटलीतून ऑक्सिजन बुडबुडत होता. आवाज अगदी आपल्या पंपाचा. तू डोळे मिटून हसलास, "टाकीजवळ झोपल्यासारखं वाटतंय रे." मी खुर्ची जवळ ओढली. आता सांगतो, म्हटलं. तेवढ्यात तूच म्हणालास, "तम्मा, वैनीला सांग, आता सांब्राणी लाव म्हणावं. राहिलेत ते दोन मासे म्हातारे, त्यांना काय होणार? माझ्या तोंडानं सांगितलं तर रडेल. तू सांग."

मी म्हटलं, "सांगतो." आणि मग डॉक्टर कधी यायचे ते विचारायला बाहेर गेलो. दोन दिवसांनी तू गेलास.

निरोपही दिला नाही मी. कसा देणार होतो? न केलेल्या गुन्ह्याची माफी त्यांच्या हातात ठेवायची, आणि तीही गुन्हेगारानं?

तू गेल्यावर शेजारच्या बायका अगरबत्तीचा पुडा घेऊन आल्या. वैनींनी त्यांच्या हातातून पेटलेली काडी घेतली आणि बाल्कनीत नेऊन कुंडीत खोचली. "आत बेडा," म्हणाल्या, आत नको. "त्यांच्या माशांना धूर चालत नाही." तुझ्या फोटोपुढं नुसता दिवा होता. सगळ्या म्हैसुरात वासाशिवाय बसलेला एवढा एकच फोटो असेल, आणि तोही अगरबत्त्या वळणाऱ्या घरच्या लेकीच्या नवऱ्याचा.

परवा सगळे गेल्यावर फिल्टर कधी धुवायचा ते बघायला मी तुझी वही उघडली. तुझं गोल कानडी अक्षर. दसऱ्याचं पान निघालं. अंडी, पिल्लं, गाळणी, वेळा, सगळं नेटकं. शेवटी त्या दिवसाखाली दोन ओळी: "सांब्राणीचा धूर. पंप बाहेर गॅलरीत ठेवायला पाहिजे होता, ठेवला नाही. हिची नाही, तप्पु माझी."

तप्पु माझी. चूक माझी. म्हणजे वैनींनी चूक स्वतःवर घेतली, तू स्वतःवर घेतलीस, आणि मी वर-खाली करत जेवत होतो.

काल सकाळी वर गेलो. वैनी माशांसाठी कोळंबी निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानंच म्हटलं, "वैनी, पंप मी बंद केला होता."

"कंच्या वेळी?" त्यांना वाटलं आत्ताचं सांगतोय.

"त्या आयुधपूजेला. सकाळी पूजेला बंद केला, तो साडेचारला लावला. पिल्लं त्यानं गेली. मग मी कुंकू पुसून टाकलं."

त्यांचे हात थांबले. मग परत सुरू झाले. एक कोळंबी, दुसरी कोळंबी. "म्हणजे माझा धूर नव्हता," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

"त्यांना ठाऊक होतं काय?"

"नाही." मी वही पुढं केली, ते पान उघडून. हात पुसून त्यांनी वही घेतली, ओठ हलवत वाचली. परत वाचली. हॉस्पिटलातला तुझा निरोपही मी सांगितला, एवढ्या उशिरा. त्या ऐकत होत्या की नाही कळलं नाही.

"तीन वर्षं मी देवाला वास दिला नाही, भावजी," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "यांच्या पिल्लांना मी मारलं म्हणून. रोज यांच्यासमोर बसून जेवताना मला तेच. तुम्ही पण बसायचा की पंक्तीला."

मी माफ करा म्हणायला तोंड उघडलं.

"खाली जावा आता," वैनी म्हणाल्या.

मी आलो. आता तुला सगळं ठाऊक झालं. तू काय म्हणाला असतास तेही मला माहीत आहे. "होगली बिडु" म्हणाला असतास, आणि मी ते लगेच उचलून खिशात घातलं असतं, त्या झेंडूसारखं. म्हणून तू असताना सांगितलं नाही असं म्हणणार होतो. पण तेही खोटं. मी भ्यालो, एवढंच. तुझी अंगठ्याची रक्तबंबाळ मिरवणूक, छत्रीतल्या वैनी, वरच्या खोलीतला पाऊस, हे सगळं मला तुमच्या घरात फुकट मिळालं. त्याबद्दल तुझे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी हे लिहून बसलोय.

काल दुपारी जेवायला हाक आली नाही. एक वाजता बघितलं तर जिन्याच्या वळणावर झाकलेलं ताट ठेवलेलं. रात्रीही तसंच. आमटीला फोडणी नेहमीसारखी होती.

आज शुक्रवार. संध्याकाळी वर माळ्याची फळी सरकल्याचा आवाज आला, मग काहीतरी घासल्याचा. थोड्या वेळानं सांब्राणीचा वास जिन्यातून खाली आला, दाट, आधी यायचा तसा. मी उठून दार उघडून उभा राहिलो, पूर्वी राहायचो तसा, दोन्ही हात पुढं करून. वैनी धुपाटणं घेऊन उतरत होत्या. वळणापर्यंत आल्या. मला बघितलं. तिथं एकदा धूर ओवाळला, आणि परत वर गेल्या.